घरच्या घरी हार्ड सायडर : एका गॅलनाची पद्धत, रसापासून बाटलीपर्यंत

सप्टेंबर-ऑक्टोबरात न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मिशिगनमधल्या सफरचंदाच्या बागांतून मराठी घरांमध्येही रसाने भरलेले जग येऊन पडतात. अमेरिकेत ‘सायडर’ म्हणजे न गाळलेला, गढूळ, ताजा रस. तोच आंबवला की ‘हार्ड सायडर’. ब्रिटनमध्ये नुसतं सायडर म्हटलं तरी मद्यच समजलं जातं. पद्धत अवघड नाही, तरी दरवर्षी त्याच चार चुका होतात : परिरक्षक घातलेला रस आणणं, हायड्रोमीटर (घनतेवरून रसातली साखर दाखवणारं उपकरण) न घेणं, बुडबुडे थांबले म्हणून आंबणं संपलं असं समजणं आणि घाईने बाटल्या भरणं. पहिल्या चुकीने रस वाया जातो. शेवटच्या चुकीने काच फुटते आणि माणसाला इजा होते.

आधी कायदा. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार एका प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलनपर्यंत सायडर स्वतःच्या वापरासाठी करता येतं. ते विकता येत नाही. राज्याचे नियम वेगळे असू शकतात, ते पाहून घ्या. ब्रिटनमध्येही घरच्या पिण्यापुरतं करायला हरकत नाही, विक्री मात्र नको. महाराष्ट्रात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. म्हणून ही कृती जिथे मुभा आहे तिथेच करा. तयार सायडर ऊर्ध्वपातित करून कडक दारू काढणं अमेरिकेतही परवान्याविना बेकायदा आहे, तो विचारच नको.

## लागणाऱ्या वस्तू

पहिल्या खेपेला एकच गॅलन करा. पाच गॅलन बिघडले तर पाच गॅलन ओतावे लागतात.

- खाद्यपदार्थांसाठीची, झाकणाला एअरलॉकचं (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी छोटी नळी) भोक असलेली दोन गॅलनची प्लास्टिक बादली
- एक गॅलनचा (३.८ लिटर) काचेचा जग, त्याचं भोक असलेलं रबरी बूच आणि एअरलॉक
- हायड्रोमीटर आणि त्याची उंच नळी
- सायफनची नळी, शक्यतो पंप असलेली
- २.८ ते ४.४ पीएच, म्हणजे आम्लता, दाखवणाऱ्या पट्ट्या, थर्मामीटर, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा
- न धुता चालणारं आम्लयुक्त सॅनिटायझर (स्टार सॅनसारखं)
- कँपडेन गोळ्या (जंगली यीस्ट आणि जिवाणू रोखणाऱ्या सल्फाइटच्या), पेक्टिक एन्झाइम, यीस्टचं खाद्य, वाइन किंवा सायडरचं यीस्ट
- दाब सहन करणाऱ्या बाटल्या

यातली एकही वस्तू टाळण्यासारखी नाही. हायड्रोमीटर तर मुळीच नाही.

सावधान : पितळ, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियमची भांडी लांब ठेवा. रस आम्ल असतो, धातू त्यात उतरतो. लोखंडामुळे सायडर काळपटतं, तांब्याची चव तोंडात राहते. स्टेनलेस स्टील चालतं. लोणचं किंवा मसाला ठेवलेली प्लास्टिकची बरणी कितीही घासली तरी वास सोडत नाही, ती वापरू नका.

## १. रस निवडणे

लेबल वाचा. ‘पोटॅशियम सॉर्बेट’ किंवा ‘सोडियम बेन्झोएट’ लिहिलेलं असेल तर बाटली जागेवर ठेवून द्या. हे दोन्ही पदार्थ यीस्टची वाढ रोखण्यासाठीच घातलेले असतात. ‘यीस्ट टाकलं, तीन दिवस झाले, काहीच होत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. पाश्चराइज्ड किंवा अतिनील किरणांनी प्रक्रिया केलेला रस चालतो. ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, असलं तरी अडचण नाही.

एका गॅलनसाठी दीड गॅलन रस आणा. त्यातला साडेचार लिटर वापरायचा, उरलेला प्यायचा. तळाचा साका सोडावा लागतो आणि मोजणीलाही थोडा जातो. बरोब्बर एक गॅलन घेऊन सुरुवात केली तर पुढे जग अपुरा भरतो आणि वर हवेला जागा राहते.

स्वतः रस काढणार असाल तर घरगुती ज्युसरवर एका गॅलनला ७ ते ९ किलो सफरचंदं धरा. गाला, फुजी, रेड डिलिशस गोड पण आंबटपणाला कमी. ग्रॅनी स्मिथ, मॅकिंटॉश, जोनाथन आंबट. दोन भाग गोड आणि एक भाग आंबट हे मिश्रण सुरुवातीला चांगलं जमतं. नुसत्या रेड डिलिशसचं सायडर पाणचट लागतं, कारण साखर आंबून गेल्यावर मागे धरून ठेवायला काही उरत नाही.

जमिनीवर पडलेली फळं घेऊ नका. गवतात जनावरांची विष्ठा असू शकते. कुजका, बुरशी लागलेला भाग नुसता कापून भागत नाही, ते फळच टाका. सफरचंदावरच्या निळ्या बुरशीमुळे पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं. खरचटलेलं, मऊ पडलेलं पण न कुजलेलं फळ चालतं.

## २. धुणे, मग निर्जंतुक करणे

ही दोन कामं आहेत आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. मळ असलेल्या भांड्यावर सॅनिटायझर चालत नाही. आधी बिनवासाच्या साबणाने घासा, नीट विसळा. नंतर स्टार सॅनचं द्रावण (चार लिटर पाण्याला ६ मिली) करून बादली, झाकण, एअरलॉक, नळी, चमचा, हायड्रोमीटर असं रसाला लागणारं सगळं त्यात एक-दोन मिनिटं भिजवा. फेस राहिला तरी धुवू नका. तो निरुपद्रवी आहे, आणि नळाच्या पाण्याने धुतलं की केलेलं काम वाया.

क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. थोडंसं जरी राहिलं तरी औषधी, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि तो काढता येत नाही.

यीस्ट टाकेपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक असतो. त्याआधी रसात जे शिरेल त्याला साखर मोकळी मिळते.

## ३. रस मोजणे

रस खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नळीत १०० मिली घेऊन हायड्रोमीटर सोडा, एकदा फिरवा म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतील. वाचन डोळ्यांच्या पातळीवर, द्रवाच्या सपाट भागाशी घ्या. काठाशी चढलेला भाग धरू नका.

बहुतेक रस १.०४५ ते १.०५५ दाखवतो. आकडा वहीत लिहा. पुढे मद्यार्काचं प्रमाण असं काढायचं : (सुरुवातीचा आकडा − शेवटचा आकडा) × १३१.२५. उदाहरणार्थ १.०५० वरून ०.९९८ ला आलं तर ०.०५२ × १३१.२५, म्हणजे सुमारे ६.८ टक्के.

साखर घालून कडक करण्याचा मोह होतो. साडेचार लिटरला १०० ग्रॅम साखरेने आकडा साधारण ०.००८ ने वाढतो. १.०४५ च्या खाली असेल तरच घाला. १.०६५ च्या वर नेलं तर सफरचंदाची चव मद्याखाली दबते आणि पिण्याजोगं व्हायला कित्येक महिने लागतात. गुळाने आंबतं, पण रंग काळवंडतो आणि खारट-खमंग चव मागे राहते. या कामाला साधी पांढरी साखरच बरी.

आता पीएच. ३.२ ते ३.८ मध्ये असावा. ३.८ च्या वर असेल तर मॅलिक आम्ल एक छोटा चमचा घाला, ढवळा, पुन्हा मोजा, लागलं तर आणखी अर्धा. लिंबू पिळू नका, लिंबाची स्वतःची चव सायडरवर चढते.

बाजारातल्या खाण्याच्या सफरचंदांत तुरटपणा जवळपास नसतो. एक कप कडक, कोरा, गार केलेला काळा चहा गॅलनला पुरतो. आलं-वेलची न घातलेला, हे सांगायलाच हवं.

## ४. सल्फाइट आणि एन्झाइम

पाश्चराइज्ड रस असेल तर या टप्प्यावर कँपडेनची गरज नाही. थेट एन्झाइमवर या.

कच्च्या रसात जंगली यीस्ट आणि जिवाणू असतात. साडेचार लिटरला एक गोळी सुमारे ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) सल्फाइट देते. किती घालायच्या हे पीएच ठरवतो :

- ३.० ते ३.३ : एक गोळी
- ३.३ ते ३.५ : दोन
- ३.५ ते ३.८ : तीन

गोळी चमच्याच्या पाठीने भुकटी करून थोड्या रसात विरघळवा आणि मिसळा. अख्खी टाकली तर तळाशी तशीच पडून राहते. झाकण सैल ठेवा.

बारा तासांनी अर्धा छोटा चमचा पेक्टिक एन्झाइम. सफरचंदातलं पेक्टिन तोडलं नाही तर सायडर कायमचं धुरकट राहू शकतं. आणखी बारा तासांनी यीस्ट. म्हणजे गोळीपासून यीस्टपर्यंत पूर्ण २४ तास. या तासांत सवलत नाही : लवकर टाकलेलं एन्झाइम सल्फाइटने मंदावतं आणि लवकर टाकलेलं यीस्ट दुबळं पडतं.

सावधान : दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइट सोसत नाही. घरात असं कोणी असेल तर पाश्चराइज्ड रस घ्या, गोळी वापरू नका, आणि पाहुण्यांना देताना आठवणीने सांगा.

‘त्यापेक्षा रस उकळून घेऊ’ हा सल्ला सर्रास मिळतो. उकळलेल्या रसाची चव शिजलेल्या सफरचंदासारखी होते आणि पेक्टिनचा धूसरपणा पक्का बसतो.

## ५. यीस्ट टाकणे

वाइनच्या यीस्टपैकी ईसी-१११८ सगळ्यात खात्रीचं. १० ते ३० अंश सेल्सियसमध्ये काम करतं, पण सुगंध बराच घालवतं. ७१बी मॅलिक आम्लाचा काही भाग खातं, म्हणून आंबट रसाला ते चांगलं. डी४७ गोलसर चव देतं, पण २० अंशांच्या वर त्याचा वास बिघडतो. पहिल्यांदा करणाऱ्याने ७१बी घ्यावं. ब्रेडचं यीस्टही आंबवतं, मात्र नीट खाली बसत नाही आणि पावाचा वास ठेवतं.

५० मिली पाणी ३७ ते ४० अंशांवर आणा (सुमारे १०० फॅरनहाइट, दुधाला विरजण लावताना असतं तितकं कोमट). त्यावर यीस्ट भुरभुरवा, १५ मिनिटं थांबा, हलकेच ढवळा. ५ ग्रॅमचं अर्धं पाकीट पुरतं, पण उघडं पाकीट टिकत नाही, तेव्हा पूर्ण टाकलं तरी बिघडत नाही. रस आणि यीस्टचं पाणी यांच्या तापमानात दहा अंशांपेक्षा जास्त फरक नको. फ्रिजमधून काढलेल्या रसात कोमट यीस्ट ओतलं तर त्यातलं बरंचसं मरतं.

टाकण्याआधी रस जोरात ढवळा, हवा मिसळू द्या. यीस्टला सुरुवातीच्या वाढीसाठी प्राणवायू लागतो. या क्षणानंतर हवा शत्रू. पुढचा प्रत्येक टप्पा हवा लांब ठेवण्यासाठीच आहे.

झाकण घट्ट बसवा, एअरलॉकमध्ये खुणेपर्यंत सॅनिटायझर भरा.

## ६. पहिले दोन-तीन आठवडे

१५ ते १८ अंश सेल्सियस (५९ ते ६४ फॅरनहाइट), अंधारी जागा. तळघराचा कोपरा उत्तम. हीटरच्या झरोक्याजवळ किंवा ओट्यावर ठेवाल तर आठवडाभरात संपेल, पण सफरचंद नाकाला लागणार नाही.

तपासा, ४८ तासांनी : वर फेस आणि हलका सळसळ आवाज हवा. एअरलॉक हलत नसेल तरी घाबरू नका. बादलीचं झाकण किंचित सैल असलं की वायू तिथून जातो. शंका आली तर हायड्रोमीटर. आकडा उतरला असेल तर काम सुरू आहे.

सफरचंदाच्या रसात नायट्रोजन कमी असतो. यीस्ट उपाशी राहिलं की सडक्या अंड्याचा वास येतो. म्हणून यीस्टचं खाद्य दोन हप्त्यांत द्या : पाकिटावरच्या मात्रेचा अर्धा भाग आंबणं सुरू झाल्यावर २४ तासांनी, उरलेला अर्धा एक तृतीयांश साखर गेल्यावर, म्हणजे १.०५० चा रस १.०३३ च्या आसपास आला की. दाणे थेट टाकले तर साठलेला वायू उसळून फेस बादलीबाहेर येतो. थोड्या पाण्यात विरघळवून हळू ओता. यानंतर खाद्य देऊ नका. यीस्ट ते वापरत नाही, पुढे ते जिवाणूंच्या कामी येतं.

रोज झाकण उघडून बघायची सवय मोडा. नमुना घ्यायचा तर आठवड्यातून एकदा, आणि मोजलेला नमुना परत ओतू नका.

### वास आणि रूप बिघडलं तर

अंड्याचा वास, पहिल्या आठवड्यात : खाद्याचा राहिलेला हप्ता द्या, हलकं ढवळा, बहुधा जातो. आंबणं संपल्यावरही राहिला तर निथळताना एकदाच, जाणूनबुजून, थोडं खळाळू द्या.

आकडा १.०२० वर अडकला : थंडी हे पहिलं कारण. भांडं २० अंशांच्या जागी न्या, तळाचा साका हलवून वर आणा, चार दिवस द्या. तरीही अडलं तर ईसी-१११८ नव्याने कोमट पाण्यात भिजवून टाका.

वर पांढरी, सुरकुतलेली साय : हवा लागली आहे. सायीखालून नळीने निथळून घ्या, एक गोळी घाला, जग गळ्यापर्यंत भरा. पहिल्या आठवड्यातला तपकिरी फेस म्हणजे साय नव्हे. तो यीस्टचाच असतो, त्याला हात लावू नका.

व्हिनेगरचा वास : याला इलाज नाही. चिलटं ते जिवाणू पायांवर घेऊन येतात. एअरलॉक कोरडा पडू देऊ नका आणि घरात व्हिनेगर बनत असेल तर ते वेगळ्या खोलीत ठेवा.

## ७. निथळून काचेच्या जगात

आकडा १.००५ किंवा खाली आला की वरचं सायडर साक्यावरून काढायचं. आदल्या दिवशीच बादली उंचावर ठेवा, म्हणजे उचलताना ढवळलेला गाळ बसायला रात्र मिळेल. नळीचं टोक साक्याच्या दोन बोटं वर आणि दुसरं टोक जगाच्या तळाशी टेकलेलं ठेवा. वरून धार सोडली की हवा मिसळते. तोंडाने ओढून सायफन सुरू करू नका.

जगात अर्धी कँपडेन गोळी विरघळवून ठेवा. जग बुचाखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत भरा. कमी पडलं तर बाजारातलं कोरडं सायडर ओता किंवा निर्जंतुक केलेल्या काचेच्या गोट्या सोडा. ताजा रस ओतला तर साखर आणि आंबणं दोन्ही पुन्हा सुरू होतात, आणि पाण्याने सायडर पातळ होतं.

## ८. निवळू देणे

सहा ते आठ आठवडे, थंड जागी. इथे करायचं काहीच नाही, आणि म्हणूनच हा टप्पा लोकांना जड जातो. चौथ्या आठवड्यात चव घेऊन ‘आंबट झालं’ म्हणत ओतून देऊ नका. कोवळं सायडर कडकच लागतं. जगामागे छापील कागद धरून अक्षरं वाचता आली की निवळलं.

तपासा : सात दिवसांच्या अंतराने दोन वाचनं घ्या. दोन्ही सारखी आणि १.००० किंवा खाली असतील तरच पुढे जा. आकडा सारखा असूनही १.००८ वगैरे असेल तर ते संपलेलं नाही, अडकलेलं आहे. ते बाटलीत गेलं आणि उबेत जागं झालं तर काच फुटते.

## ९. गोड की फसफसतं, आधी ठरवा

घरच्या साध्या साधनांनी साखरेचा गोडवा आणि बाटलीतली फसफस दोन्ही एकत्र मिळत नाहीत. साखर गोड करेल तिथेच यीस्ट ती खाईल.

गोड, बिनफसफस : निवळलेल्या सायडरला एक कँपडेन गोळी आणि अर्धा छोटा चमचा पोटॅशियम सॉर्बेट द्या, एक दिवस थांबा, मग चवीपुरती साखर. लिटरला २५ ग्रॅमपासून सुरुवात करा. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. म्हणून आंबत्या सायडरवर त्याचा उपयोग नाही. गोळीशिवाय नुसतं सॉर्बेट घातलं तर जिवाणूंमुळे जिरेनियमच्या पानासारखा वास येतो आणि तो जात नाही.

फसफसतं, कोरडं : सॉर्बेट अजिबात नको. बाटलीत मोजकी साखर.

फसफसतं आणि किंचित गोड : न आंबणारा गोडवा वापरा, उदाहरणार्थ एरिथ्रिटॉल, आणि फसफशीसाठी साखर वेगळी मोजा. झायलिटॉलही आंबत नाही, पण कुत्र्यांना ते विषारी आहे.

फसफसत्या गोड बाटल्या पातेल्यात गरम पाण्यात ठेवून यीस्ट मारायची युक्ती फिरत असते. ती करू नका. दाबाखालची गरम काच स्वयंपाकघरात फुटते.

## १०. बाटल्या भरणे

३.६ लिटरला ३५५ मिलीच्या दहा बाटल्या लागतात. बिअरच्या जाड, पिळाचं झाकण नसलेल्या बाटल्या आणि त्यांची दाबून बसवायची झाकणं, शॅम्पेनच्या बाटल्या, किंवा मद्यासाठीच बनवलेल्या तारेच्या बुचाच्या गोल बाटल्या घ्या. शोभेच्या चौकोनी बाटल्या, जॅमच्या बरण्या, वाइनच्या पातळ बाटल्या फसफसत्या सायडरला चालत नाहीत.

साखर लिटरमागे ६ ग्रॅम. ३.६ लिटरला २२ ग्रॅम, काट्यावर मोजून. चमच्याने मोजलेली साखर दीडपट होऊ शकते. ६० मिली पाण्यात उकळून गार करा, धुतलेल्या बादलीत आधी ओता आणि त्यावर सायडर निथळू द्या. प्रवाहानेच मिसळतं. निर्जंतुक चमच्याने एकदा हळू फिरवा, नाहीतर एक बाटली सपक आणि दुसरी धोक्याची निघते.

बाटलीच्या तोंडाखाली तीन सेंटिमीटर जागा ठेवा. एक बाटली सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा. ती दाबून बघता येते. दगडासारखी कडक झाली की बाकीच्याही तयार.

२० अंशांवर दोन आठवडे, झाकणाच्या खोक्यात किंवा बंद कपाटात. प्लास्टिकची बाटली तीन-चार दिवसांतच कडक झाली तर सायडर संपलेलं नव्हतं. हातमोजे, जाड बाह्या आणि चष्मा घालून सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये ठेवा, आणि पुरत्या गार झाल्यावर सिंकमध्ये, कापड टाकून, एकेक करून दाब सोडा.

प्रत्येक बाटलीवर तारीख, दोन्ही आकडे आणि यीस्टचं नाव लिहा. पहिली बाटली रात्रभर गार करून उघडा आणि एकाच दमात जगात ओता, तळाचा बोटभर साका बाटलीत राहू देऊन. पुन्हा उभी केली की तो सगळा वर येतो.